वाटेवर पिठाचे ठिपके अन् मागून पळणारी माणसं: हा ‘हॅश’ प्रकार आहे तरी काय?

रविवारी सकाळी माणूस शेताकडे निघतो आणि पायवाटेवर मूठभर पांढरं पीठ पडलेलं दिसतं. शंभरेक पावलांवर पुन्हा तेवढंच. तिठ्यावर तर चक्क मोठं गोल काढलेलं. कुणी म्हणतं, मोजणीवाले येऊन गेले, आता जमिनी जाणार. कुणी म्हणतं, उतारा टाकलाय, ओलांडू नका. तेवढ्यात अर्ध्या चड्डीतली तीस-चाळीस अनोळखी माणसं बायाबापड्यांसकट धापा टाकत येतात, गोलापाशी थांबतात, चहूकडे पांगतात, ‘ऑन ऑन’ असं ओरडतात आणि दिसेनाशी होतात.

हा प्रकार नवा नाही आणि गूढ तर अजिबात नाही. त्याला ‘हॅश’ म्हणतात. शहरातल्या लोकांचा सुट्टीच्या दिवशी रानावनातून पळायचा खेळ आहे हा. पण तो ज्यांच्या बांधावरून खेळला जातो त्यांना बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

ससा पुढे, बाकीचे मागे

खेळ सोपा आहे. एक किंवा दोन माणसं ‘ससा’ होतात. ससा आधी जाऊन पिठाच्या खुणा टाकत वाट आखतो. कधी आदल्या दिवशी, कधी बाकीच्यांच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. मागून येणारा घोळका म्हणजे शिकारी कुत्रे. त्यांनी खुणा शोधत शोधत सशाच्या मागे जायचं. ठिपका दिसला की वाट बरोबर. बाण असेल तर त्या दिशेने. गोल दिसलं की समजायचं, इथे खुणा तुटल्या. आता तीन-चार वाटांपैकी खरी कुठली ते शोधा. ससा मुद्दाम एखादी खोटी वाटही टाकतो. त्या वाटेने तीन-चार ठिपके सापडतात आणि पुढे फुली. मुकाट्याने मागे फिरायचं.

यातली खरी गंमत खोट्या वाटेत आहे. जो जोरात पळतो तोच आधी खोट्या वाटेला लागतो आणि परत येतो. तोवर मागचे काका-काकू चालत चालत गोलापाशी पोचलेले असतात. खरी वाट सापडली की सापडवणारा ओरडतो, बाकीचे त्याच्या मागे. त्यामुळे पंचविशीतला पोरगा आणि साठीतला पेन्शनर साधारण एकाच वेळी मुक्कामाला येतात. घड्याळ लावत नाहीत, नंबर काढत नाहीत, मेडल नाही. मॅरेथॉनशी याचं नातं एवढंच की दोन्हीकडे घाम येतो.

सुरुवात मलायात

इंग्लंडच्या शाळांत एकोणिसाव्या शतकात मुलं कागदाचे कपटे टाकत पळायची आणि बाकीची त्यांच्या मागे. आज आपल्या शाळांच्या क्रीडास्पर्धांत क्रॉस कंट्री म्हणून जी शर्यत असते, तिचं मूळ त्या खेळात आहे. हाच खेळ इंग्रज साहेब आपल्या वसाहतींत घेऊन गेले.

१९३८ च्या डिसेंबरात क्वालालंपूरमध्ये काही इंग्रज नोकरदारांनी तो नव्याने सुरू केला. आल्बर्ट गिस्पर्ट नावाचा हिशेबनीस त्यांचा म्होरक्या. ही मंडळी जिथे जेवत त्या क्लबच्या खानावळीत रोज तेच ते जेवण मिळायचं, म्हणून तिला चेष्टेने ‘हॅश हाउस’ म्हणत. त्यावरून नाव पडलं ‘हॅश हाउस हॅरियर्स’. रबराच्या मळ्यांतून, चिखलातून, दमट उकाड्यात सोमवारी संध्याकाळी पळायचं आणि शेवटी बिअर प्यायची, असा कार्यक्रम. गिस्पर्ट फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांपासून वाचवण्याच्या लढाईत मारला गेला. युद्धानंतर उरलेल्यांनी खेळ पुन्हा उभा केला. १९५० मध्ये सरकारदरबारी नोंदणी करताना उद्देश विचारले, तर त्यांनी तब्येत राखणं, सुट्टीतल्या दारूचा अंमल उतरवणं, मग चांगली तहान लावून घेऊन ती बिअरने भागवणं, आणि वय झालेल्या सभासदांना ‘तुम्ही अजून म्हातारे नाही’ हे पटवणं, असे चार उद्देश लिहून दिले. उघड कारभार होता म्हणायचा.

सिंगापूरची शाखा १९६२ ची. तिथून हा खेळ नोकरी-धंद्यासाठी फिरणाऱ्या लोकांबरोबर जगभर गेला. आज सुमारे दोन हजार शाखा असल्याचं सांगितलं जातं. दर दोन वर्षांनी जगभरातले हॅशवाले एका ठिकाणी जमतात. २००२ चा तो मेळावा आपल्या शेजारी गोव्यात भरला होता.

एक गोष्ट मात्र गावकऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. या खेळाला मुख्य कार्यालय नाही, वरिष्ठ नाही. प्रत्येक शाखा स्वतंत्र. म्हणजे एखाद्या गटाने भाताची खाचरं तुडवली तर तक्रार ‘वरती’ कुणाकडे करायची सोय नाही. जो गट आला त्याच्या आयोजकालाच धरावं लागतं. आणि पीठ न टाकता नुसते मोबाइलवर नकाशा बघत पळणारे ‘ट्रेल रन’वालेही आता भरपूर आहेत. नाव वेगळं, पण बांधावरचा प्रश्न तोच.

वर्सोव्याहून मढला

मुंबईत राहून असा रानवाटेचा खेळ खेळायचा तर जागा कुठे? नकाशा पाहिला तर एक उत्तर वर्सोव्याच्या धक्क्यावर मिळतं. वर्सोवा म्हणजे अंधेरीचं टोक, मेट्रोचं शेवटचं स्टेशन. पण खाडीच्या पलीकडे मढ आहे. मालाडवरून रस्त्याने वळसा घालून जायचं तर वीसेक किलोमीटर, आणि बोटीने काही मिनिटं. त्या बोटीत मोटारसायकली असतात, मासळीच्या पाट्या असतात. पलीकडे उतरलं की मढचा कोळीवाडा, पोर्तुगिजांचा जुना किल्ला, पुढे एरंगळ, आक्सा, मार्वे. नारळाच्या वाड्या, ताडाची झाडं, खाजण, वाळू. महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही गाव वाटावं असं गाव.

मढच्या लोकांना बाहेरच्या माणसांची सवय आहे. तिथल्या बंगल्यांत शूटिंग चालतं, शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. पण पळणाऱ्यांसाठी हा भाग दिसतो तितका मोकळा नाही. मार्वेला नौदलाचा ‘आयएनएस हमला’ हा तळ आहे, मढला हवाई दलाचं ठाणं आहे. किल्ला म्हणून ज्याच्या दिशेने माणूस सहज पळत सुटेल, तिथपर्यंत जायला परवानगी लागते. अशा कुंपणाजवळ कुणी पिठाने बाण काढत बसलं तर पहारेकऱ्याने काय समजायचं? २००७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात हेच झालं. एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये हॅशवाल्या बहीणभावाने पीठ टाकलं. लोकांना वाटलं विषारी पावडर. शेकडो माणसं बाहेर काढली, दुकान बंद केलं, पथकं आली, आणि निघालं साधं पीठ. दोघांवर पोलिस केस झाली.

दुसरी गोष्ट सुकत घातलेल्या मासळीची. पावसाळा सरला की वर्सोवा आणि मढ दोन्हीकडे बांबूंवर बोंबील टांगलेले असतात आणि मोकळ्या जागेवर जवळा पसरलेला असतो. शहरातून आलेल्याला ती ‘रिकामी जागा’ वाटते. त्यावर एक बूट पडला की कुणाच्या तरी घरची कमाई वाळूत जाते. ज्या सशाला जवळा कुठे घालतात हे माहीत नाही, त्याने कोळीवाड्यातून वाट आखू नये.

तिसरी गोष्ट समुद्राची. वाळूवर टाकलेलं पीठ भरती आली की गेलं, आणि मागचा घोळका वाट शोधत बसला. कोळ्यांचा जुना हिशेब इथे ॲपपेक्षा झटपट आहे: तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी वर. त्या रविवारी किनाऱ्याने पळायचा विचार सोडायचा. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाणी मागे गेलेलं असतं आणि वाळू मोकळी मिळते. पण वाळू मोकळी म्हणून कुणी पाण्यात शिरू नये. आक्साचा किनारा बुडणाऱ्यांसाठी बदनाम आहे. पाण्याखालची ओढ वरून दिसत नाही.

डोंगराकडे जायचं म्हटलं तर बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. शंभर चौरस किलोमीटरहून जास्त जंगल, तुळशी आणि विहार हे तलाव, आदिवासी पाडे आणि बिबटे. तिथे मात्र ‘आलो नि पळालो’ चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि ठरलेल्या वाटा सोडून पीठ टाकत फिरणं तर नाहीच. पहाटेच्या अंधुक उजेडात एकट्यादुकट्याने पळणं बिबट्याच्या मुलखात धोक्याचं आहे, हे पाड्यावरचं लहान पोरही सांगेल. म्हणून मग हे गट पालघर, वसई, शहापूर, मुरबाड, कर्जतकडे वळतात. म्हणजे तुमच्या-आमच्या शिवारात.

पीठ दिसलं की पहिला संशय

गावाला जे वाटतं ते उगाच वाटत नाही. महामार्ग, रेल्वेमार्ग, विजेचे मनोरे यांची मोजणी कशी सुरू होते? एके दिवशी चुन्याच्या रेघा दिसतात, दगडांवर बाण दिसतात, आणि नोटीस मागून येते. ज्याची जमीन अशी गेली आहे त्याने पांढरा बाण पाहून घाबरू नये असं सांगणं सोपं आहे. ओळखायची खूण एवढीच की मोजणीची खूण चुन्याची किंवा रंगाची असते आणि टिकते. हॅशचं पीठ बोटाला मऊ लागतं, त्याला मुंग्या लागतात, कुत्रं चाटून जातं आणि एका सरीत ते धुऊन निघतं. मोजणीचा कुठलाही संबंध वाटला तर तलाठ्याला विचारावं.

तिठ्यावरचं गोल पाहून करणीचा संशय येतो, तेव्हा मात्र जास्त जपायला हवं. ‘अमुक माणूस करणी करतो’ असं ठरवून त्याला त्रास देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गोल कुणी काढलं हे कळायच्या आत गावातल्याच एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे बोट दाखवलं जातं. पीठ टाकणारा तेव्हा अंधेरीत नाश्ता करत असतो.

आणि सगळ्यात गंभीर गोष्ट अफवेची. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. १६ एप्रिल २०२० ला पालघरमध्ये गडचिंचलेजवळ दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांचा असाच जीव गेला. दोन्ही वेळा आधी मोबाइलवरून अफवा फिरली होती आणि अनोळखी माणूस म्हणजे चोर हे लोकांनी धरूनच ठेवलं होतं. अंधार पुरता सरला नसताना पळत येणारी, परकी भाषा ओरडणारी माणसं, शाळेच्या आवाराशेजारून गेलेली, कुणीतरी त्यांचा व्हिडिओ काढून चार शब्द जोडून ग्रुपवर टाकलेला. पुढे काय होऊ शकतं हे सांगायला नको. असा व्हिडिओ आला तर तो पुढे ढकलायच्या आधी पोलिस पाटलांना फोन करावा, संशय खरा वाटत असेल तर ११२ वर. आणि पळणाऱ्या गटांनी आदल्या दिवशीच सरपंच आणि पोलिस पाटलांना कळवलं तर हा प्रसंगच येत नाही. एका फोनचं काम आहे. ते न करणं हा शहरी आळस आहे, दुसरं काही नाही.

बांध, भात आणि बिअर

परवानगीचा विषय निघाला की पळणारे म्हणतात, ‘आम्ही काय नुसते पळत जातो, नुकसान कसलं?’ नुकसान पावसाळ्यात होतं. जून-जुलैत लावणी चालू असताना खाचराचा बांध ओला, मऊ असतो. त्यावरून गाईगुरं गेली तरी शेतकरी ओरडतो. चाळीस जोड्या बूट एकामागून एक गेले की बांध खचतो, पाणी वाहून जातं, आणि चार दिवसांपूर्वी लावलेलं रोप उघडं पडतं. बांध पुन्हा घालायला मजूर त्या दिवसांत मिळत नाही. ज्यांना पावसाळी रानातच पळायची हौस आहे त्यांनी गाडीवाट, माळ, डोंगराची पाऊलवाट धरावी. उन्हाळ्यात उलटं; शेत रिकामं असतं पण गवत वाळलेलं असतं, आणि शेवटच्या टप्प्यावर टाकलेलं एक सिगारेटचं थोटूक सगळा चारा जाळतं.

पिठाऐवजी पावसात कागदाचे तुकडे किंवा रिबिनी बांधतात. त्या नंतर काढून न्यायच्या हा खेळातलाच नियम आहे. प्लास्टिकची रिबीन झाडावर तशीच राहिली तर शेळ्या खातात. पाण्याच्या बाटल्यांचंही तेच. वर्सोव्याच्या किनाऱ्याची गोष्ट इथे आठवावी अशी आहे. २०१५ च्या ऑक्टोबरपासून वकील अफरोज शाह आणि रहिवाशांनी दर शनिवार-रविवारी तिथला कचरा उचलायला सुरुवात केली, २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर येऊन समुद्राकडे जाताना दिसली. सुट्टीचे तेच दोन दिवस, तीच शहरी माणसं.

आता बिअर. हॅशच्या शेवटी सगळे गोल करून उभे राहतात, टोपणनावाने एकमेकांची टर उडवतात, चुकलेल्याला ‘शिक्षा’ म्हणून ग्लास संपवायला लावतात. क्लबात हे ठीक आहे. देवळाच्या पारावर, शाळेच्या मैदानात किंवा झेडपीच्या रस्त्यावर चालणार नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. सार्वजनिक जागी पिणं गुन्हा आहे आणि विकायला, पाजायला परवाना लागतो. ज्या गावातल्या बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, तिथे बाहेरच्यांनी कॅन उघडले तर बाया गप्प बसणार नाहीत, बसूही नये. बरेच गट आता ताक, कोकम सरबत, लिंबूपाण्यावर भागवतात, आणि दमट हवेत घाम गाळल्यावर शरीराला तेच हवं असतं. मीठ-साखरेचं पाणी मिळालं की पायात गोळे येत नाहीत. बिअरने उलट पाणी कमी होतं.

माणूस पडला तर

रानात पळताना तीन गोष्टी घडतात: ऊन लागतं, पाय मुरगळतो, आणि क्वचित साप चावतो. कोकणपट्टीत फुरसं आणि घोणस हे दोन्ही वाटेवर, दगडाआड भेटतात. कुणा पळणाऱ्याला चावा झाला तर गावकऱ्यांचीच मदत लागणार. अशा वेळी चिरा द्यायचा नाही, तोंडाने ओढायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. माणसाला आडवं, शांत ठेवायचं, चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जायच्या नादात वाटेत दोन तास घालवू नयेत.

पावसाळ्यातला छुपा धोका लेप्टोचा. उंदराच्या मुतामुळे दूषित झालेलं पाणी पायाच्या जखमेतून शिरतं. शेतकऱ्याला हे ठाऊक आहे, शहरातल्या पळणाऱ्याला नसतं. खाचरातून पळून गेलेल्या माणसाला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर त्याने डॉक्टरला आधी हे सांगावं की मी चिखलातून गेलो होतो. गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

गावाने काय विचारावं

गट येणार असं कळलं तर विचारायचे प्रश्न मोजके आहेत. किती माणसं, किती वाजता, कुठल्या वाटेने. जबाबदार माणसाचं नाव आणि नंबर. ॲम्ब्युलन्स किंवा निदान एक गाडी आहे का. खुणा कोण पुसणार. गाड्या कुठे लावणार, कारण वीस गाड्या अरुंद रस्त्यावर लागल्या की दुधाचा टेम्पो अडतो. खाजगी शेतातून वाट जात असेल तर मालकाला विचारलं का. सरपंचाची हो ही मालकाची हो नसते, हे आयोजक बहुतेक वेळा विसरतात.

आणि पैशाचं बोलायला लाजू नये. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वर घाट चढून जाणारी हाफ मॅरेथॉन भरते. त्या दोन दिवसांत हॉटेलं, खानावळी, रिक्षा यांना काम मिळतं. चाळीस जणांच्या हॅशने एवढं होणार नाही. पण चाळीस माणसांचा नाश्ता म्हणजे बचत गटाच्या एका सकाळीची कमाई आहे. भाकरी, पिठलं, तांदळाच्या घावन्या, चहा. भाव आधी ठरवावा, निम्मे पैसे आधी घ्यावेत, आणि माणसं मोजून ताटं लावावीत, कारण खोट्या वाटेला लागलेले चार-पाच जण नेहमी अर्धा तास उशिरा येतात.